फॉस्फो-क्रेब बघायचंय? आधी घड्याळ लावा

मेंदूवर काम करणाऱ्या लॅबमध्ये कुणी नवं रुजू झालं, जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्तीधारक) म्हणून असो की एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी, की महिना-दोन महिन्यांत एक ब्लॉट, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारा पडदा, हमखास माझ्यासमोर येतो. उंदराला काहीतरी शिकवलेलं असतं, हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला स्मृतीचा भाग, काढलेला असतो, क्रेब नावाच्या प्रथिनाची पट्टी उमटलेली असते आणि आणणाऱ्याचं तोंड उतरलेलं असतं. "शिकलेल्यात आणि न शिकलेल्यात सारखंच दिसतंय." दिसणारच. क्रेब तेवढ्या वेळात वाढत नाही की घटत नाही. ते आधीपासूनच पेशीच्या केंद्रकात असतं, बऱ्याच ठिकाणी तर डीएनएला चिकटून बसलेलंच असतं. बदलते ती त्याची अवस्था, आणि तीही थोडा वेळच.

डीएनएला चिकटणाऱ्या प्रथिनांचं मेंदूत नियंत्रण कसं होतं, हे पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघणार आहात त्यांच्यासाठी हे लिहितेय. अशी प्रथिनं शेकड्यांनी आहेत. मी क्रेब धरून चालते, कारण त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त माहिती आहे आणि त्यावर केलेल्या चुका पुढे सगळीकडे उपयोगी पडतात.

१. आधी कागद-पेन्सिल

पिपेटला हात लावण्याआधी वही आडवी धरा आणि साखळी काढा. चेतापेशीवर ग्लुटामेट हे संदेशद्रव्य येतं, ते ओळखणारा एनएमडीए रिसेप्टर उघडतो, कॅल्शियम आत शिरतं. तिथून वाटा फुटतात. वाटेतली कायनेज म्हणजे फॉस्फेट चढवणारी एन्झाइम. एक केंद्रकातल्या कॅम-कायनेज ४ कडे जाते, दुसरी सायक्लिक एएमपी आणि प्रोटीन कायनेज-ए कडे, तिसरी मॅप-कायनेजच्या साखळीतून. या सगळ्या वाटा शेवटी क्रेबच्या १३३व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लापाशी येतात आणि तिथे एक फॉस्फेट बसतो. असा फॉस्फेट बसलेलं क्रेब म्हणजेच फॉस्फो-क्रेब.

मार्क माँटमिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली सोमॅटोस्टॅटिनच्या जनुकासमोरचा सायक्लिक एएमपीला उत्तर देणारा छोटा तुकडा शोधला. पुढच्याच वर्षी त्याला चिकटणारं प्रथिन हाती लागलं, आणि ही १३३ची जागा कळली १९८९ साली. तुकडा आठ अक्षरांचा आहे: टी-जी-ए-सी-जी-टी-सी-ए. समोरचा धागा उलट दिशेने वाचला तरी हीच अक्षरं येतात. मधली सी-जी ही जोडी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याशी काम आहे.

क्रेबचं काम सरकारी कचेरीतल्या फाइलीसारखं चालतं. फाइल टेबलावर कधीची पडून असते, अडलेलं असतं ते सहीपाशी. १३३वर फॉस्फेट बसला म्हणजे सही झाली. ती सही ओळखून सीबीपी नावाचं दुसरं प्रथिन येतं, डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या आसपासच्या हिस्टोन प्रथिनांवर अ‍ॅसिटिल गट चढवतं, गुंडाळलेला डीएनए सैल होतो आणि जनुक वाचलं जाऊ लागतं. सही पुसणारेही तिथेच हजर असतात. त्यातलं मुख्य म्हणजे प्रोटीन फॉस्फटेज-१, फॉस्फेट काढणारं एन्झाइम. माणसात सीबीपीच्या जनुकाची एकच प्रत बिघडली तरी रुबिनस्टाइन-टायबी सिंड्रोम होतो: रुंद अंगठे, चेहऱ्याची विशिष्ट ठेवण आणि बौद्धिक विकासात अडचण. हा संबंध १९९५ साली लागला.

या प्रथिनाचा स्मृतीशी संबंध आहे हे आधी समुद्री गोगलगायीत दिसलं. एरिक कँडल यांच्या लॅबने १९९० साली अ‍ॅप्लिशियाच्या चेतापेशीच्या केंद्रकात वर सांगितलेल्या आठ अक्षरांचे सुटे तुकडे टोचले. क्रेब त्या सुट्या तुकड्यांनाच जाऊन चिकटलं, खऱ्या जनुकासाठी उरलं नाही. चेतापेशींच्या जोडातला थोड्या वेळाचा बदल झाला, दीर्घ मुदतीचा झाला नाही. १९९४ साली उंदरांत आणि फळमाशांत त्याच धर्तीचे निकाल आले. कँडल यांना २००० साली नोबेल मिळालं, अर्थात एवढ्या एका प्रयोगासाठी नव्हे.

आता साखळीतल्या प्रत्येक बाणाखाली वेळ लिहा. नवे लोक नेमकं हेच टाळतात. कॅल्शियम: सेकंद. क्रेबवरचा फॉस्फेट: मिनिटांत चढतो, आणि उत्तेजन कसं आणि किती होतं त्याप्रमाणे अर्ध्या तासात ते काही तासांत उतरतो. सी-फॉस जनुकाचा आरएनए: साधारण अर्ध्या तासाला भरात. त्याच जनुकातून बनणारं फॉस प्रथिन: तास ते दोन तास, बहुतेक लॅब नव्वद मिनिटं धरतात. हे पान भिंतीवर चिकटवा. पुढचा सगळा प्रयोग त्यावरच बेतायचा आहे.

२. पहिला प्रयोग फॉसचा करा

गाइडने फॉस्फो-क्रेब सांगितलं असलं तरी पहिला हात फॉसवर साफ करा. फॉस स्वतःही डीएनएला चिकटणारंच प्रथिन आहे. जून नावाच्या जोडीदाराबरोबर जोडी जमवून ते टी-जी-ए-जी-टी-सी-ए या सात अक्षरांवर बसतं. पण त्याची तऱ्हा क्रेबच्या उलट. शांत पेशीत ते जवळजवळ नसतंच, पेशी उत्तेजित झाली की नव्याने तयार होतं, काही तासांनी नाहीसं होतं. म्हणून ते बघणं सोपं: आहे की नाही एवढाच प्रश्न. शिवाय फॉसच्या जनुकासमोर क्रेबला चिकटायची जागा आहे, म्हणजे फॉस हा बऱ्याच अंशी क्रेबच्या सहीचाच परिणाम. आधी परिणाम बघायला शिका, मग कारणाकडे या.

यात आणखी एक व्यवहारी सोय आहे. उंदराला भूल देऊन मेंदू काढेपर्यंत पाच-दहा मिनिटं जातात. फॉस तयार व्हायलाच तास लागतो, त्यामुळे त्या मिनिटांनी फॉसचं काही बिघडत नाही. फॉस्फो-क्रेबचं मात्र तेवढ्यात सगळं चित्र पालटू शकतं.

मेंदूत फॉस उमटतं हे १९८७ साली झटके आणणाऱ्या मेट्राझोलने दाखवलं गेलं होतं. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. सौम्य प्रयोग करा: एका गटाला दहा मिनिटं नव्या, मोठ्या पेटीत फिरू द्या, दुसरा गट आपल्याच पिंजऱ्यात. नव्वद मिनिटांनी मेंदू. फरक दिसायला एवढं पुरतं.

३. पेशींवर सराव, आणि मुलुंडची एक गोष्ट

प्राण्याकडे जाण्याआधी पीसी-१२ या थाळीत वाढणाऱ्या पेशींवर फॉस्फो-क्रेबची अँटीबॉडी (नेमकं तेच ओळखून धरणारं प्रथिन) चालते की नाही ते बघून घ्या. सहा थाळ्या. फोर्सकोलिन, म्हणजे सायक्लिक एएमपी वाढवणारं द्रव्य, १० मायक्रोमोलर. वेळा: शून्य, पाच, पंधरा, तीस, साठ, एकशेवीस मिनिटं. वेळ झाली की लगेच बर्फावर, लगेच लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण), त्यात फॉस्फटेज रोखणारी द्रव्यं आधीच घातलेली. सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट हे नेहमीचे. ब्लॉटवर ४३ किलोडाल्टनच्या आसपासची पट्टी चढताना आणि मग उतरताना दिसली पाहिजे. पहिल्या थाळीतच गडद पट्टी आली तर तुमच्या पेशी आधीच चिडलेल्या आहेत. बहुतेक वेळा माध्यम नुकतंच बदललेलं असतं आणि त्यातल्या सीरमने काम केलेलं असतं.

हे फोर्सकोलिन ज्या वनस्पतीतून येतं त्या कोलिअसची मुळं गुजरातेत लोणच्याला घालतात, गरमर म्हणतात त्याला. आणि त्यातलं हे द्रव्य वेगळं काढलं ते १९७०च्या दशकात, आपल्या मुलुंडला, होक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात. ते रक्तदाबावर औषध शोधत होते. फोर्सकोलिन थेट सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या अ‍ॅडेनिलेट सायक्लेजला जागं करतं हे १९८१ साली अमेरिकेत सीमन आणि डेली यांनी दाखवलं, आणि त्यानंतर जगभरच्या लॅबच्या फ्रीजरमध्ये त्याची कुपी जाऊन बसली. कुपीवरचं परदेशी लेबल बघताना मला दरवेळी मुलुंड आठवतं.

त्याच ब्लॉटवर अँटीबॉडीची परीक्षाही उरकून घ्या. एका नमुन्याला लॅम्डा फॉस्फटेज लावा. पट्टी गेली पाहिजे. नाही गेली तर अँटीबॉडी फॉस्फेट ओळखत नाहीये, कंपनी काहीही म्हणो. आणि ४३च्या खाली आणखी एक पट्टी दिसली तर दचकू नका. क्रेबचा भाऊबंद एटीएफ-१ यातही तसाच सेरीनचा तुकडा आहे, आणि फॉस्फो-क्रेबच्या पुष्कळ अँटीबॉडी त्यालाही धरतात.

ब्लॉकिंगला, म्हणजे ब्लॉटवरच्या मोकळ्या जागा झाकायला, दूध वापरू नका. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटने भरलेलं आहे, पार्श्वभूमी काळी करतं. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या. महाग पडतं, पण घ्या.

४. परवानगी

भारतात प्राण्यांवरचा कुठलाही प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि १९९८ च्या नियमांखाली येतो. संस्थेची प्राणी समिती, म्हणजे आयएईसी, फॉर्म बी बघून मंजुरी देते. वर केंद्राची समिती आहे, पूर्वी जिला सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए. फॉर्ममध्ये प्राण्यांची संख्या का, हे विचारतात. "मागच्या पेपरात आठ होते" हे उत्तर चालत नाही. संख्याशास्त्राने काढलेला आकडा द्या. मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय एकही उंदीर हलवायचा नाही, आणि भूल व परफ्यूजन (हृदयातून द्रव सोडून रक्त धुऊन काढणं) शिकलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहून शिकल्याशिवाय स्वतः करायचं नाही. यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही.

५. प्रयोगाआधीचा आठवडा

याचं वर्णन पेपरात एका ओळीत उरकतात. माझ्या मते निम्मा प्रयोग इथेच होतो.

उंदराला तुम्ही उचललं की त्याच्या मेंदूत क्रेबवर सही होते, फॉस बनतं. अनोळखी हात, अनोळखी वास, पिंजऱ्याचं झाकण उघडल्याचा आवाज, सगळं नोंदलं जातं. म्हणून प्रयोगाआधी पाच ते सात दिवस रोज, एकाच माणसाने, एकाच वेळी, प्रत्येक उंदराला दोन-तीन मिनिटं हातात घ्यायचं. शेपटीने उचलू नका. ओंजळीत घ्या किंवा नळीत चालत येऊ द्या. आठवड्याच्या शेवटी तो तळहातावर बसून मिशा साफ करू लागला की तुम्ही तयार आहात. अत्तर, सुगंधी तेल, मोगऱ्याचा गजरा त्या आठवड्यात नको.

माझा स्वतःचा पहिला फॉसचा प्रयोग याच पायरीवर मेला. हाताळणी मी नेमाने केली होती. मेंदूचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, रंगवले, सूक्ष्मदर्शकाखाली धरले, आणि पिंजऱ्यातच राहिलेल्या कंट्रोल उंदरांच्या पॅराव्हेंट्रिक्युलर न्यूक्लियसमध्ये ठिपकेच ठिपके. हा भाग ताणाला उत्तर देतो. शांत उंदरात तो जवळजवळ कोरा असायला हवा. दोन आठवडे मी अँटीबॉडीला दोष देत बसले. मग एका सकाळी मदतनीस काकांबरोबर अ‍ॅनिमल हाउसपासून लॅबपर्यंत चालत गेले. ट्रॉलीचं मागचं डावं चाक किरकिरत होतं. नुसतं किरकिरत नव्हतं. फरशीच्या प्रत्येक सांध्यावर कर्कश ओरडत होतं आणि पिंजऱ्यातले उंदीर दरवेळी जागच्या जागी गोठत होते. काकांनी खिशातून शिवणयंत्राच्या तेलाची बाटली काढली, दोन थेंब टाकले. "मॅडम, मी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं," म्हणाले. सांगितलं होतं खरंच. पण कुणाला, ते आठवेना.

तेव्हापासून माझा नियम: प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळीच उंदीर प्रयोगाच्या खोलीत न्यायचे, रात्रभर तिथेच ठेवायचे. आणि कंट्रोल गटाचा पिंजराही तोच प्रवास करतो, त्याच ट्रॉलीवर.

वेळेचंही तसंच. सगळे गट दिवसाच्या एकाच तासात बसवा. शरीराचं घड्याळ चालवणाऱ्या सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियसमध्ये रात्री नुसता उजेड पडला तरी क्रेबवर फॉस्फेट चढतो, हे १९९३ सालीच दाखवलं गेलंय. रात्री अ‍ॅनिमल हाउसमध्ये कुणी "एक मिनिट" दिवा लावून गेलं, तर तुमच्या प्रयोगात एक जास्तीचं उत्तेजन घुसलं. दारावर कागद लावा. आणि दिवाळीच्या आठवड्यात फॉसचा प्रयोग ठेवू नका, हे सांगायला नको.

६. प्रयोगाचा दिवस

टायमर दोन. एक खिशात, एक टेबलावर. प्रत्येक उंदराची सुरुवात पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने, म्हणजे शेवटी प्रत्येकाची नव्वद मिनिटं खरोखर नव्वदच भरतात. नवशिके सहाही उंदीर एकदम पेटीत सोडतात आणि मग परफ्यूजन एकामागून एक करत बसतात. शेवटच्या उंदराचे अडीच तास झालेले असतात. गट आलटून पालटून घ्या: एक कंट्रोल, एक प्रयोगाचा, पुन्हा एक कंट्रोल. सकाळी सगळे कंट्रोल आणि दुपारी सगळे प्रयोगाचे असं केलंत, तर शेवटी तुम्ही सकाळ आणि दुपार यातला फरक मोजलेला असेल.

सेक्शन करायचे असतील तर खोल भूल, हृदयातून आधी थंड सलाइन, मग ऊती टिकवणारं (फिक्स करणारं) चार टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, पीएच ७.४. यकृत फिकट झालं आणि शेपूट ताठ झाली की परफ्यूजन नीट झालं असं समजायचं. पॅराफॉर्मल्डिहाइड फ्यूम हूडमध्येच बनवा. डोळे चुरचुरले म्हणजे तुम्ही ते श्वासात घेताय. मेंदू रात्रभर त्याच द्रवात, चार अंशावर, मग तीस टक्के साखरेच्या द्रावणात. साखरेत टाकल्यावर तो आधी तरंगतो. एक-दोन दिवसांत बुडून तळाशी जातो, तेव्हा कापायला तयार. बुडण्याआधी गोठवलात तर बर्फाचे स्फटिक होतात आणि सेक्शनला जाळीसारखी भोकं पडतात. घाई करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी ही जाळी बघितलेली असते.

फॉस्फो-क्रेबसाठी सलाइन, फिक्सेटिव्ह आणि पुढच्या सगळ्या बफरांत सोडियम फ्लोराइड घाला, नाहीतर सही पुसणारे काम करतच राहतात. ब्लॉट करायचा असेल तर फिक्स करायचंच नाही. मेंदू बाहेर, बर्फावरच्या थंड धातूच्या पट्टीवर हिप्पोकॅम्पस सोडवायचा, थेट द्रवरूप नायट्रोजनमध्ये. हे सगळं दोन मिनिटांच्या आत जमेपर्यंत, दुसऱ्या कुणाच्या मंजूर प्रयोगातून उरलेल्या मेंदूंवर सराव करा. प्रत्येक उंदराला किती सेकंद लागले ते वहीत लिहा. एखादा नमुना नंतर विचित्र वागला तर हा आकडा कामी येतो.

७. रंगवणं

क्रायोस्टॅटवर (गोठवलेली ऊती कापायच्या यंत्रावर) तीस-चाळीस मायक्रोमीटरचे सेक्शन कापा आणि द्रवात तरंगते ठेवूनच रंगवा. अँटीबॉडी दोन्ही बाजूंनी शिरते. उचलायला रंगकामाचा बारीक कुंचला, शून्य नंबरचा. हायड्रोजन पेरॉक्साइड, मग सीरमने ब्लॉकिंग, रात्रभर पहिली अँटीबॉडी चार अंशावर, दुसऱ्या दिवशी बायोटिनवाली दुसरी, शेवटी डीएबी, म्हणजे रंग आणणारं द्रव्य. डीएबी कर्करोगकारक असल्याचा संशय आहे: हातमोजे घाला, आणि उरलेलं सिंकमध्ये ओतायचं नाही.

डीएबी टाकल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसा. उपम्यात फोडणीची मोहरी दिसावी तशी केंद्रकं एकेक करून गडद होत जातात. तीन मिनिटांत छान दिसली की थांबवा, आणि सगळ्या गटांना तेवढीच मिनिटं द्या. एका गटाला तीन आणि दुसऱ्याला पाच देणारे लोक मी बघितलेत. त्यांचा निकाल नेहमी उत्तम येतो.

प्रत्येक खेपेत एक सेक्शन पहिल्या अँटीबॉडीशिवाय, एक आधी चांगलं रंगलेल्या मेंदूतला. दोन्ही गटांचे सेक्शन एकाच खेपेत.

८. मोजणं

स्लाइडवरची नावं दुसऱ्या कुणाकडून झाकून घ्या. कुठला भाग मोजायचा त्याच्या सीमा मेंदूच्या अ‍ॅटलासवरून आधीच ठरवा. इमेज-जे या चित्रं मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये उजेड-अंधाराची मर्यादा एकदा ठरली की ती सगळ्या चित्रांना तीच. हिप्पोकॅम्पसच्या डेंटेट जायरस या भागात फॉसच्या पेशी तुरळकच असतात. कमी दिसल्या म्हणून अँटीबॉडी वाढवू नका.

एका उंदराचे आठ सेक्शन म्हणजे आठ नमुने नव्हेत. तो एकच उंदीर आहे. आठांची सरासरी काढा आणि आकडेमोडीत एकच संख्या घाला. ही चूक छापलेल्या पेपरांतही सर्रास सापडते, त्यामुळे "सगळे असंच करतात" ही सबब मिळते. घेऊ नका.

ब्लॉटवर फॉस्फो-क्रेबचा आकडा एकटा सांगायचा नाही. त्याच नमुन्यातल्या एकूण क्रेबशी भागून सांगायचा. सुरुवातीला ज्या न बदलणाऱ्या पट्टीने तोंड उतरलं होतं, ती इथे छेद म्हणून कामाला येते.

९. डीएनएवर खरंच बसलंय का?

आतापर्यंत सही बघितली, टेबल नाही बघितलं. ते बघायची नेहमीची पद्धत क्रोमॅटिन इम्यूनोप्रेसिपिटेशन, लॅबच्या बोलीत चिप. एक टक्का फॉर्मल्डिहाइड दहा मिनिटं, म्हणजे प्रथिन आणि डीएनए जागच्या जागी बांधले जातात, ग्लायसिनने थांबवायचं, सोनिकेटरने डीएनएचे दोनशे ते पाचशे जोड्यांचे तुकडे, क्रेबच्या अँटीबॉडीने ओढायचं, बांधलेलं सोडवून क्यूपीसीआरने तो डीएनए किती आहे ते मोजायचं. पहिल्या खेपेला पूर्ण जीनोम वाचायला पाठवू नका. फॉसच्या प्रोमोटरवरची (जनुकासमोरच्या नियंत्रक तुकड्यावरची) एक जागा आणि जनुकंच नसलेल्या ओसाड पट्ट्यातली एक जागा, दोन प्रायमर. पहिलीवर चढ आणि दुसरीवर काही नाही असं दिसलं की पद्धत बसली. साध्या आयजीजीचा, म्हणजे क्रेब न ओळखणाऱ्या अँटीबॉडीचा, कंट्रोल हवाच.

नव्या माणसाची निराशा इथे पुन्हा होते: शिकलेल्या आणि न शिकलेल्या उंदरात क्रेबची चिप सारखीच. आठवा, फाइल टेबलावर आधीपासूनच होती. पुष्कळ जागी क्रेबचं बसणं १३३वरच्या फॉस्फेटवर अवलंबून नसतं. फरक बघायचा असेल तर सीबीपीची, किंवा हिस्टोनवरच्या अ‍ॅसिटिलची चिप करा.

अडचणी दोन आहेत. उंदराचा हिप्पोकॅम्पस चवळीच्या दाण्यासारखा, तसाच वाकडा आणि फार मोठा नाही. त्यामुळे कधी दोन-तीन उंदरांचे एकत्र करावे लागतात. आणि त्या दाण्यात चेतापेशींबरोबर ग्लिया या आधारपेशीही असतात. क्रेब त्यांच्यातही आहे. न्यू-एन (NeuN) या खुणेच्या अँटीबॉडीने चेतापेशींची केंद्रकं वेगळी काढून मग पुढे गेलात तर आकडा कुणाचा ते निदान कळतं.

आता ती सी-जी जोडी. त्या आठ अक्षरांच्या मधोमध असलेल्या सी वर मिथाइल गट बसला की क्रेबला तिथे चिकटता येत नाही. हे १९८९ सालीच दिसलं होतं. म्हणजे फाइल कुठल्या टेबलावर पोचेल हे पेशीने आधीच ठरवून ठेवलेलं असतं, आणि चेतापेशीत व यकृतात ते वेगळं ठरलेलं असतं. मिथाइल लागलेल्या सी-जीला चिकटणारी प्रथिनं वेगळी आहेत. त्यातलं एमईसीपी-२ हे १९९२ साली एड्रियन बर्ड यांच्या लॅबने शोधलं. प्रौढ चेतापेशीत ते इतकं भरलेलं असतं की त्याची संख्या न्यूक्लिओसोमच्या (हिस्टोनांभोवतीच्या डीएनएच्या गुंडाळ्यांच्या) संख्येच्या जवळ जाते. त्याच्या जनुकातल्या बिघाडाने रेट सिंड्रोम हा मेंदूच्या विकासाचा आजार होतो, मुख्यतः मुलींना, हे १९९९ साली हुदा झोग्बी यांच्या लॅबमधून कळलं. आणि २००७ साली बर्ड यांच्या लॅबने आजारी उंदरांत ते जनुक पुन्हा चालू केलं, तेव्हा मोठ्या वयातही पुष्कळशी लक्षणं मागे हटली. तुमच्या गाइडचा विषय क्रेब नसून एमईसीपी-२ असेल, तर वरच्या पायऱ्या त्याच, मात्र हे प्रथिन सगळीकडे पसरलेलं असल्याने चिपमध्ये टोकदार शिखरं शोधत बसू नका.

१०. निकाल वाचताना

फॉस्फो-क्रेब वाढलं म्हणजे जनुक चालू झालं, असं लिहून मोकळे होऊ नका. सहीव्यतिरिक्त सीआरटीसी-१ नावाचा साथीदारही केंद्रकात यावा लागतो. तो चेतापेशींच्या जोडाकडून निघतो, आणि त्याला सोडवतं ते कॅल्सिन्यूरिन, म्हणजे एक फॉस्फटेजच. फॉस्फेट काढणारं एन्झाइम इथे जनुक चालू करायला मदत करतं. शिवाय क्रेबवर १४२व्या जागीही एक सेरीन आहे. कॅम-कायनेज २ तिथे फॉस्फेट बसवतं आणि काम अडतं. सही केलेल्या कागदावरच "स्थगित" असा शेरा, असं समजा. १३३ची अँटीबॉडी तो शेरा दाखवत नाही.

फॉस दिसलं नाही म्हणजे पेशी गप्प होती, हेही खरं नव्हे. काही चेतापेशी भरपूर काम करूनही फारसं फॉस बनवत नाहीत, आणि एखादी पेशी दाबली गेली तर ते फॉसमध्ये उमटतच नाही. आणि वेळ: उंदराच्या मोठ्या भावाला, म्हणजे रॅटला, भीतीचा धडा दिल्यावर हिप्पोकॅम्पसमध्ये फॉस्फो-क्रेबची एक लाट लगेच आणि दुसरी तीन ते सहा तासांनी आलेली दिसली आहे. एकाच वेळेला मोजून "वाढ नाही" लिहिणाऱ्याने दोन लाटांच्या मधल्या ओहोटीत बोट बुडवलेलं असू शकतं. जमलं तर निदान तीन वेळा घ्या.

उरलेले सेक्शन फेकू नका. एथिलीन ग्लायकॉल आणि सुक्रोजच्या क्रायोप्रोटेक्टंटमध्ये, उणे वीस अंशांवर, ते वर्षानुवर्षं टिकतात. पुढच्या अँटीबॉडीसाठी नवा उंदीर लागत नाही. फक्त डबीवर नाव पेन्सिलीने लिहा आणि वरून चिकटपट्टी लावा. ग्लायकॉलचा एक ओघळ मार्करची शाई पुसून टाकतो. आमच्या फ्रीजरमध्ये अशी एक अख्खी ट्रे आहे, चोवीस डब्या, कुणाच्या कुठल्या उंदरांच्या ते आता कुणालाच सांगता येत नाही.